रात्री तीन वाजता मास्क कोण काढतं?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. वय सेहेचाळीस, स्लीप एप्निया म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, स्लीप स्टडी या झोपेतल्या तपासणीत एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याचा आकडा, ३८, आणि मास्कमधून दाबाची हवा देणारं सीपॅप मशीन सुरू करून पाच आठवडे. अकराला मास्क लावून झोपता, सहाला उठता तेव्हा मास्क उशीपाशी पडलेला असतो आणि तो कधी काढला ते आठवत नाही. मशीनच्या नोंदीत तीनच्या आसपास वापर थांबलेला दिसतो. अ‍ॅप रोज चार तासांची हिरवी खूण देतं, उरलेला एएचआय ३ दाखवतं. तरी सकाळी डोकं जड, दुपारी पेंग, आणि परवा सिग्नलला गाडी थांबलेली असताना डोळा लागला. बायको म्हणते, जरा नेटाने घ्या. आणि तुमचा प्रश्न असा, की मशीन मला लागू पडत नाही असं समजून गोळी किंवा ऑपरेशनकडे वळू का?

मी झोपेच्या आजारांच्या विभागात सतरा वर्षं श्वसनतंत्रज्ञ म्हणून काम करते. निदान करणं, उपचार ठरवणं हे डॉक्टरांचं काम. मशीन घरी गेल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत जी कुरकुर सुरू होते, ती माझ्या टेबलावर येते. तिथे बसून सांगते, तुमच्यासारखे लोक मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यांतले बहुतेक जण अपराधी चेहऱ्याने येतात. ते आधी सोडून द्या. झोपलेल्या माणसाला इच्छाशक्ती नसते. मास्क काढणारा हात तुमचा असला तरी निर्णय तुमचा नव्हता. काहीतरी टोचलं, सुकलं, फुसफुसलं किंवा गुदमरलं, आणि अर्धवट जागं झालेल्या मेंदूने ते दूर केलं. म्हणून नेटाने घ्या हा सल्ला प्रेमाचा असला तरी उपयोगाचा नाही. तीन वाजता काय होतं, हे शोधावं लागेल.

त्याआधी त्या ३ या आकड्याबद्दल, कारण तो तुम्हाला फसवतोय. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो अथवा बराच उथळ होतो, त्याची सरासरी. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तुमचे ३८, म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एक अडथळा. मशीन दाखवतं तो ३ मात्र मास्क चेहऱ्यावर असतानाच्या तासांचाच आहे. मास्क निघाला की मशीनला काहीच कळत नाही. आता सगळ्या रात्रीचा हिशेब करू. चार तास ३ च्या दराने म्हणजे १२, आणि पुढचे तीन तास ३८ च्या दराने म्हणजे ११४. सात तासांत १२६, म्हणजे तासाला १८. हिरव्या खुणेखाली तुम्ही रोज मध्यम दर्जाचा स्लीप एप्निया घेऊन उठताय.

आणि हा हिशेबही उदार आहे. झोप रात्रभर एकसारखी नसते. गाढ झोप जास्त करून पूर्वार्धात येते, आणि त्या झोपेत श्वास बऱ्याच जणांचा आपोआपच जरा सुधारतो. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती उत्तररात्री लांबत जाते. त्या झोपेत शरीराचे स्नायू जवळजवळ ढिले सोडलेले असतात. जिभेचे आणि घशाचेही. त्यामुळे अनेकांचे सर्वांत लांब अडथळे, ऑक्सिजनची सर्वांत खोल घसरण, पहाटेच्या या तासांत होते. तुम्ही छत्री घेऊन निघता आणि पाऊस धरायच्या वेळेला ती मिटून ठेवता. तुमचा स्लीप स्टडी प्रयोगशाळेत झाला असेल तर रिपोर्टात रेममधला एएचआय आणि उताण्या झोपेतला एएचआय वेगळे दिलेले असतात. ते दोन आकडे जरूर बघा. घरी लावायच्या छोट्या यंत्रावर तपासणी झाली असेल तर बहुधा रेमचा आकडा मिळणार नाही, कारण त्यातली बरीच यंत्रं मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत.

मग चार तासांची हिरवी खूण आली कुठून? संशोधनात आणि विम्याच्या कागदपत्रांत नियमित वापर मोजायला एक रेघ हवी होती. चार तास, आणि दहातल्या सात रात्री, ही ती रेघ. उपचाराचा डोस म्हणून ती कुणी आखलेली नव्हती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वापराचे तास आणि फायदा यांचा संबंध तपासला होता. पेंग येते असं स्वतःला वाटणं चार तासांपर्यंतच्या वापराने कमी होत गेलं, प्रयोगशाळेत मोजलेली पेंग सहा तासांपर्यंत, आणि रोजच्या कामातला उत्साह साडेसात तासांपर्यंत. तुमची तक्रार या वरच्या दोन पायऱ्यांवरची आहे. तेव्हा तुमच्या बाबतीत पाच आठवड्यांचा निष्कर्ष 'मशीन चालत नाही' असा मी काढणार नाही. अर्धी रात्र उपचार झाला आणि अर्धाच गुण आला, एवढंच त्यातून दिसतं.

आता तीन वाजताकडे.

तुमच्या मशीनमध्ये मेमरी कार्ड असेल किंवा डॉक्टरांकडे त्याची ऑनलाइन नोंद जात असेल. अ‍ॅपवरची खूण पुरेशी नाही. रात्रीचा तपशीलवार ग्राफ मागून घ्या. त्यात दोन रेषा बघायच्या, प्रेशरची आणि लीकची. मास्क निघण्याच्या आधीची वीस मिनिटं बघायची. एका रात्रीवर जाऊ नका, निदान सात-आठ रात्री शेजारी शेजारी ठेवा.

लीकची रेषा आधी चढली आणि मग वापर थांबला, असं दिसलं तर हवा कुठून तरी सुटतेय. मास्कच्या कडेने सुटली तर ती डोळ्यांत जाते, कुशन फडफडतं, जाग येते. तुमचं मशीन ऑटो, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर स्वतःच बदलणारं असेल तर आणखी एक गोष्ट होते. रेममध्ये घसा जास्त मिटायला लागतो, मशीन प्रेशर वाढवतं, सुरुवातीच्या प्रेशरला घट्ट बसलेला मास्क वाढलेल्या प्रेशरला उचलला जातो. ग्राफवर हे स्पष्ट दिसतं : आधी प्रेशर चढतं, मागोमाग लीक.

यावर लोक काय करतात, तर पट्टे आवळतात. माझ्याकडे एक गृहस्थ नाकावर जखम घेऊन आले होते, रोज एक घर आवळत गेले होते. आम्ही त्यांचे पट्टे दोन घरं सैल केले आणि लीक कमी झाला. कुशनला आतून पातळ झालर असते, ती हवेने फुगून चेहऱ्याला चिकटते. आवळली की ती चेपते आणि फुगूच शकत नाही. मास्क बसवायची माझी पद्धत अशी : मशीन चालू करायचं, आडवं व्हायचं, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळायचं, आणि मग पट्टे लावायचे. आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क हा उभ्या माणसाचा मास्क असतो. आडवं झाल्यावर गाल सरकतात, चेहऱ्याचा आकार बदलतो. ज्यांची दातांची कवळी रात्री काढलेली असते त्यांनी कवळी काढूनच माप द्यावं. दाढी असेल तर नाकपुड्यांशी बसणारे छोटे मास्क बहुधा सोयीचे पडतात. आणि झोपण्यापूर्वी चेहरा धुवा, कुशन पुसा. तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं.

दुसरी शक्यता तोंडाची. नाकाचा मास्क असेल आणि झोपेत तोंड उघडलं तर नाकातून शिरलेली हवा तोंडावाटे निघून जाते. हवेचा असा एकाच दिशेने वाहणारा झोत नाकाचं अस्तर सुकवतो, सुकलेलं अस्तर सुजतं, नाक चोंदतं, आणि चोंदलं म्हणून तोंड आणखी उघडतं. सकाळी तोंड कोरडं ठणठणीत असेल तर हीच साखळी समजा. इथे बहुतेक ठिकाणी लगेच तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला जातो. माझं मत जरा वेगळं आहे. तो मास्क मोठा, म्हणून कडा जास्त, म्हणून लीकच्या जागा जास्त. शिवाय काही जणांत तो हनुवटी मागे ढकलतो आणि जास्त प्रेशर लागायला लागतं. मी आधी नाक बघते. हवा ओलसर करणारा गरम ह्युमिडिफायर चालू आहे का, की पाणी भरायचा कंटाळा येतो? झोपण्यापूर्वी सलाइनचा स्प्रे मारता का? अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिलाय का? एवढं करून महिन्याभरात नाक मोकळं झालं नाही, किंवा नाकाचं हाड खूपच वाकडं असेल, तर मोठा मास्क योग्यच. इंटरनेटवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावू नका, निदान नाक चोंदत असेल तोवर तरी नाही.

तिसरी शक्यता ऐकून लोक चकित होतात. ग्राफवर लीक सपाट, प्रेशर ४ किंवा ५ वर रेंगाळलेलं, आणि माणूस सांगतो की गुदमरतं, प्रेशर कमी करा. मला मात्र ते बऱ्याचदा वाढवून घ्यावं लागतं, अर्थात डॉक्टरांना विचारून. मोठ्या माणसाला ४ चं प्रेशर म्हणजे नळीतून चोरून श्वास घेतल्यासारखं वाटतं. सुरुवातीचं किमान प्रेशर ६-७ केलं, रॅम्प, म्हणजे प्रेशर हळूहळू चढवत नेण्याचा सुरुवातीचा वेळ, पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आणला, तर तीच माणसं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतात की हवा पुरली. उलट प्रकारही असतो : श्वास सोडताना हवेच्या भिंतीवर आदळल्यासारखं वाटणं. त्यासाठी श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. पोटात हवा भरून फुगत असेल तर तेही सांगा. त्यावरही सेटिंगमध्ये उपाय असतो. स्वतः मेनूत शिरून आकडे बदलू नका असं मी सांगते आणि निम्मे लोक बदलतात हेही मला माहीत आहे. निदान बदललेला आकडा लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच.

ही प्रेशरं मोठी वाटतात, पण ८ चं प्रेशर म्हणजे पाण्याच्या आठ सेंटिमीटर उंचीएवढा दाब. ग्लासात स्ट्रॉ आठ सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढी फुंकर लागते, तेवढाच. मशीन ऑक्सिजन देत नाही, फुप्फुसं चालवत नाही. खोलीतल्याच हवेच्या दाबाने घसा मिटू देत नाही, बस. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिवन यांनी हा उपाय पहिल्यांदा प्रसिद्ध केला तेव्हा रुग्ण पाच होते, झोत देणारी मोटर व्हॅक्यूम क्लीनरची होती, आणि मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला भोक पाडण्याचं ऑपरेशन हाच खात्रीचा उपाय होता. कुणी माझ्यासमोर मास्क टेबलावर आपटला की मला हे आठवतं. सांगत मात्र नाही, त्या क्षणी कुणाला इतिहास नको असतो.

ग्राफवर काहीच सापडलं नाही तर? मग मी विचारते, तीन वाजता लघवीला उठता का? उठता आणि परत येऊन मास्क लावायचा राहतो, असं आहे का? बरेच जण हे सांगतच नाहीत, कारण त्यांना ते आजाराशी जोडलेलं वाटत नाही. खरं तर जोडलेलं आहे. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाच्या कप्प्यावर ओढ बसते, आणि शरीर पाणी बाहेर टाकायचा संदेश देणारं संप्रेरक सोडतं. उपचार पूर्ण रात्र झाला की अनेकांचं रात्रीचं उठणं कमी होतं, आणि माझ्या अनुभवात सकाळच्या ताजेपणाच्या आधी कळणारी खूण हीच. तोवर एक करा : उठताना मास्क काढू नका, फक्त नळी सोडवा. चेहऱ्यावर मास्क राहिला तर परत आल्यावर नळी जोडणं हे अर्ध्या झोपेतही जमतं. मास्क शोधून पट्टे नीट लावणं जमत नाही.

आणि मास्कची मनातली धास्ती असेल तर ती रात्री जात नाही, दिवसा घालवावी लागते. शिकवायला लागले त्या वर्षी मी स्वतः आठवडाभर मास्क लावून झोपून बघितलं होतं. तिसऱ्या रात्री मीही काढला होता, आणि मलाही आठवत नव्हता. त्यानंतर मी लोकांना संध्याकाळी जागेपणी वीस मिनिटं मशीन चालू ठेवून बसायला सांगते. वाचत, टीव्ही बघत, आठ-दहा दिवस. हाताला ती वस्तू परकी वाटेनाशी झाली की झोपेतला हात तिच्यामागे लागत नाही. काही मशीनमध्ये मास्क निघाला की बीप वाजवायची सोय असते. वापरून बघा, पण आधी बायकोला विचारा.

लाइट गेली तर गुदमरेन का, ही धास्ती लोक लाजत विचारतात. नाही. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं, मोठ्या मास्कमध्ये हवा थांबली की उघडणारी झडप असते. मास्कवरच्या ज्या बारीक छिद्रांतून सतत हवा सुटते ती मात्र बुजवू नका. आवाज येतो म्हणून टेप लावणारे लोक मी पाहिलेत. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो.

स्वच्छतेचं फार मनावर घेऊ नका. रोज टाकीतलं पाणी ओतून द्या, डिस्टिल्ड पाणी वापरा, कुशन पुसा, आठवड्यातून एकदा नळी सौम्य साबणाने धुवा, फिल्टर बघत राहा. मास्क-नळी ओझोनने निर्जंतुक करणारे डबे घेऊ नका.

आता गोळी आणि ऑपरेशन. वजन जास्त आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर वजन कमी करण्याचा फायदा खरा आहे, पण त्याचं माप लक्षात घ्या : २००० साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात वजन दहा टक्के घटलं तर एएचआय सरासरी २६ टक्के घटेल असा अंदाज निघाला. तुमच्या ३८ चे २८ होतील, जे अजून मध्यमच्या वरच्या टोकाला आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप एप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता मिळाली. तेही मुख्यतः वजनाच्या वाटेने काम करतं, त्याला महिने लागतात आणि ते प्रत्येकासाठी नाही. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण सौम्य-मध्यम आजारात चांगलं, तीव्र आजारात सीपॅप खरोखरच सोसवत नसेल तर. जिभेच्या नसेला चालना देणारं उपकरण शस्त्रक्रियेने बसवतात, पण तेही सीपॅप न जमलेल्या निवडक लोकांत. टॉन्सिल खूप मोठे असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचं मत आजही घ्या, त्यासाठी थांबायचं कारण नाही. बाकी सगळ्या वाटांवर पहिला प्रश्न हाच येईल की सीपॅप नीट करून पाहिलं का. तुम्ही अजून चार तासांचंच पाहिलंय.

झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. काही गोळ्या घसा आणखी ढिला करतात, दारूही तेच करते. ग्राफवर घसा मोकळा असूनही श्वास थांबल्याच्या नोंदी वाढताना दिसल्या तर प्रेशर वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही, डॉक्टरांनाच दाखवा. सीपॅप सुरू केल्यावर काहींना असं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शमतं, पण हृदय कमजोर असेल किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर ते वेगळ्याने तपासावं लागतं. आणि सहा-सात तास वापर, उरलेला एएचआय ५ च्या खाली, असं महिनाभर होऊनही पेंग राहिली, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल : झोपच अपुरी, थायरॉइड, नैराश्य, चालू असलेली औषधं. ती चर्चा आज करण्यात अर्थ नाही.

आज करायचं ते एवढंच. ग्राफ मागवा, आणि दिवसाची पेंग मोजणारी एपवर्थ प्रश्नावली भरून तारीख घालून ठेवा. चार आठवड्यांनी पुन्हा भरा. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन, एकूण २४, १० च्या वर गेलं तर पेंग जास्त. त्यातला आठवा प्रसंग आहे : गाडीत, रहदारीत काही मिनिटं थांबलेले असताना. तुम्ही सिग्नलची गोष्ट एका ओळीत लिहून पुढे गेलात. तुमच्या जागी मी तिथे तीन लिहीन, आणि तो आकडा खाली येईपर्यंत गाडी बायकोला चालवू देईन.